उंच म्हणजे ‘टॉल’ की ‘हाय’? आणि गगनचुंबी, ताडमाड, टोलेजंग यांचं इंग्रजी

प्रश्न असा आहे: इंग्रजीत लिहिताना एखादी गोष्ट फार उंच किंवा फार मोठी आहे हे सांगायला ‘टॉल’, ‘हाय’, ‘बिग’, ‘ह्यूज’ यांतलं काय कुठे वापरावं, आणि ‘गगनचुंबी’, ‘ताडमाड’, ‘डोंगराएवढा’ अशा आपल्या शब्दांना तिकडे काय म्हणतात?

उंच नारळ आणि उंच फळी, दोन्हीकडे आपण ‘उंच’च म्हणतो. नारळाची उंची बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मोजतात. फळीची उंची म्हणजे ती जमिनीपासून किती वर ठोकली आहे ते. इंग्रजीने ही दोन मापं वेगळी ठेवली आहेत. वस्तू स्वतः उभी असेल आणि रुंदीच्या मानाने तिची उंची जास्त असेल, तर ‘टॉल’: माणूस, झाड, खांब, धुराडं, जिराफ, उभा पेला. वस्तू जमिनीपासून किती वर आहे हे सांगायचं असेल, तर ‘हाय’: फळी, ढग, छत, पंखा. छताला ‘टॉल सीलिंग’ म्हणत नाहीत, कारण छत उभं नसतं, वर असतं.

खिडकीचं उदाहरण लक्षात ठेवलं तर सहसा गोंधळ होत नाही. ‘अ टॉल विंडो’ म्हणजे वाड्यातली जमिनीपासून जवळजवळ आढ्यापर्यंत गेलेली खिडकी. ‘अ हाय विंडो’ म्हणजे भिंतीत वर काढलेला झरोका, हात पोचणार नाही असा. खिडकी दीड फुटाची असली तरी ती ‘हाय’ असू शकते.

मग भिंत आणि डोंगर? दोन्ही जमिनीवर उभे आहेत, पण उंचीपेक्षा त्यांचा पसारा मोठा, म्हणून त्यांना साधारणपणे ‘हाय’ लागतं: ‘अ हाय वॉल’, ‘अ हाय माउंटन’. इमारतीला दोन्ही चालतं, तरी ‘टॉल बिल्डिंग’ जास्त स्वाभाविक. डोंगरांच्या बाबतीत ‘टॉल’ आणि ‘हाय’ यांतला भेद भूगोलातही उपयोगी पडतो. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून ८,८४८.८६ मीटर, म्हणून तो जगातला ‘हायेस्ट’. हवाईचा मौना केआ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४,२०७ मीटर आहे, पण त्याचा पाया समुद्रतळाशी असल्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत तो १०,००० मीटरच्या वर भरतो. म्हणून काही जण त्याला ‘टॉलेस्ट’ म्हणतात. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. मराठीत ती सांगायची तर ‘समुद्रसपाटीपासून’ आणि ‘पायथ्यापासून’ हे शब्द जोडावेच लागतात.

यावरूनच पुढचा मुद्दा. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट, ही उंची समुद्रसपाटीपासूनची. पायथ्याच्या बारी गावातून प्रत्यक्ष चढण बरीच कमी आहे, कारण बारीच मुळात उंचावर आहे. म्हणून ट्रेकच्या वर्णनात ‘अ १,६४६-मीटर क्लाइंब’ लिहू नये. तसं लिहिलं तर एवढं चढायचं आहे असा अर्थ होतो. ‘कळसूबाई राइझेस टू १,६४६ मीटर्स अबव्ह सी लेव्हल’ हे बरोबर. ठिकाणाच्या उंचीला ‘एलिव्हेशन’, विमान किंवा घार किती उंचावरून उडते त्याला ‘अल्टिट्यूड’, आणि वस्तूच्या स्वतःच्या मापाला ‘हाइट’. डोंगराळ गावांसाठी ‘अल्टिट्यूड’ही सर्रास वापरतात आणि ते चूक नाही, पण पुतळ्याची ‘अल्टिट्यूड’ कुणी सांगू नये.

आता आकडा लागल्यावर काय होतं ते. इथे आपल्या माणसांची सर्वांत जास्त चूक होते, आणि गंमत म्हणजे मराठीत आपण ती करत नाही. ‘भिंत सहा फूट उंच आहे’, पण ‘सहा फुटी भिंत’. ‘इमारतीला दहा मजले आहेत’, पण ‘दहा मजली इमारत’. नामाच्या आधी आलं की रूप बदलतं. इंग्रजीतही तसंच: ‘द वॉल इज सिक्स फीट हाय’, पण ‘अ सिक्स-फूट वॉल’. नामाआधी ‘फीट’चं ‘फूट’ होतं, ‘मीटर्स’चं ‘मीटर’ होतं आणि मधे जोडरेघ येते. ‘अ सिक्स-फीट वॉल’ हे ‘सहा फूट भिंत’ म्हटल्यासारखं कानाला खटकतं. विशेषण ठेवायचं असेल तर तेही रेघेने जोडायचं: ‘अ सिक्स-फूट-टॉल मॅन’.

माणसाची उंची विचारताना ‘व्हॉट इज युवर हाइट?’ व्याकरणाला धरून आहे, पण तो फॉर्म भरून घेणाऱ्या कारकुनाचा प्रश्न आहे. गप्पांमध्ये ‘हाउ टॉल आर यू?’ उत्तर ‘आय ॲम फाइव्ह फूट सिक्स’. इथे बोलताना ‘फीट’ऐवजी ‘फूट’ चालतं, पुढे ‘इंचेस’ म्हणायची गरज नाही. ‘ही इज हॅविंग गुड हाइट’ हे आपल्याकडचं. बाहेरच्या वाचकासाठी ‘ही इज क्वाइट टॉल’ पुरतं. वयाच्या मानाने उंच मुलगी म्हणजे ‘टॉल फॉर हर एज’.

साडेपाच फूट उंचीचं काय होतं ते पाहा. पाच फूट सहा इंच हे पुष्कळ लोक ५.६ असं लिहितात. फुटाचे बारा इंच असतात, दहा नव्हे, म्हणून ५.६ फूट म्हणजे खरं तर पाच फूट ७.२ इंच. उलट पाच फूट अकरा इंचाचा माणूस ५.११ लिहितो आणि हिशेबाने पाच फूट दीड इंचाच्याही खाली येतो. विवाहमंडळाच्या बायोडेटात हे खपून जाईल, परदेशी व्हिसाच्या अर्जात किंवा दवाखान्यात जाणार नाही. एकतर ५ फूट ६ इंच असं फोडून लिहावं, नाहीतर सेंटिमीटरमध्ये: एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट जवळजवळ १६८.

मजल्यांचाही एक खड्डा आहे. आपल्याकडचा ‘तळमजला अधिक सात’ इंग्रजीत ‘सेव्हन-स्टोरी’ नाही, ‘एट-स्टोरी’ आहे, कारण तळमजलाही मोजला जातो. शिवाय ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीत तळमजल्याच्या वरचा तो ‘फर्स्ट फ्लोअर’, अमेरिकेत तळमजलाच ‘फर्स्ट फ्लोअर’. अमेरिकेतल्या मुलाकडे गेलेल्या आईवडलांनी लिफ्टमध्ये एक दाबून तिथेच उभं राहणं यातूनच येतं. ‘हाय-राइझ’ हा शब्द नुसता वर्णनाचा नाही, त्याला नियमातली व्याख्या आहे: २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘हाय-राइझ’ धरली आहे. म्हणजे पाच मजल्यांची साधी सोसायटीही त्यात बसू शकते. करारात किंवा अग्निशमनाच्या कागदात तो शब्द सहज म्हणून टाकू नये.

पटीत सांगताना ‘थ्री टाइम्स टॉलर दॅन’ टाळावं. काही वाचक त्याचा अर्थ तिप्पट घेतात, काही ‘मूळ उंचीपेक्षा तीन पट जास्त’, म्हणजे चौपट. ‘थ्री टाइम्स ॲज टॉल ॲज’ म्हटलं की वाद संपतो. दुपटीला ‘ट्वाइस ॲज टॉल ॲज’. आणि आपल्या लाडक्या दीडपटीला इंग्रजीत नेटकी रचना आहे: ‘हाफ ॲज टॉल अगेन ॲज’. यातला ‘अगेन’ गळला की अर्थ एकदम निमपट होतो, तेव्हा मुद्रितशोधन करताना त्या शब्दावर बोट ठेवून पुढे जावं. सव्वापटीसाठी सरळ ‘ट्वेंटी-फाइव्ह पर्सेंट टॉलर’.

क्षेत्रफळात तर पटीचा आणखी घोळ. १० बाय १०च्या खोलीपेक्षा २० बाय २०ची खोली ‘ट्वाइस ॲज बिग’ म्हणावी का? बाजू दुप्पट आहे, जागा चौपट. कशाची दुप्पट ते लिहा. तसंच ‘टेन फीट स्क्वेअर’ म्हणजे १० फूट बाजूचा चौरस, १०० चौरस फूट. ‘टेन स्क्वेअर फीट’ म्हणजे फक्त १० चौरस फूट, एका माणसाला पाय पसरून झोपता येईल जेमतेम. गोल जागेचा व्यास सांगायला ‘अक्रॉस’ हा सुटसुटीत शब्द आहे: लोणारचं विवर ‘अबाउट १.८ किलोमीटर्स अक्रॉस’. झाडाच्या घेराला ‘अराउंड’ किंवा ‘इन गर्थ’.

शरीराने मोजलेली उंची हा मराठीचा खास प्रांत, आणि इथे इंग्रजी चक्क आपल्यासारखंच वागतं. गुडघाभर गवत ‘नी-हाय’, कमरेएवढं पीक ‘वेस्ट-हाय’, छातीएवढी भिंत ‘चेस्ट-हाय’. पण पाणी आलं की ‘हाय’ सुटतो आणि ‘डीप’ येतो: घोटाभर पाणी ‘अँकल-डीप’, गुडघाभर ‘नी-डीप’, कमरेएवढं ‘वेस्ट-डीप’. पावसाळ्यात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्याची बातमी ‘नी-हाय वॉटर’ अशीही छापून येते; पाणी पायाला कुठवर लागलं या अर्थी ती समजते, पण ‘डीप’ नेमका. पुरुषभर ज्वारीला ‘ॲज टॉल ॲज अ मॅन’, पुरुषभर पाण्याला मात्र ‘ओव्हर युवर हेड’ किंवा ‘डीप इनफ टू ड्राउन इन’.

आता ‘मोठा’. मराठीत हा शब्द घरच्या चमच्यासारखा, कशातही चालतो. इंग्रजीत तो दहा तुकड्यांत वाटला गेला आहे. मोठा आवाज ‘लाउड’, मोठा पाऊस ‘हेवी’, मोठा ताप ‘हाय फीव्हर’, मोठा रस्ता ‘वाइड’ किंवा ‘मेन’, मोठा भाऊ ‘एल्डर’ किंवा प्रेमाने ‘बिग ब्रदर’, मोठी माणसं वयाने मोठी असतील तर ‘ग्रोन-अप्स’. आकाराच्या ‘मोठ्या’ला ‘बिग’ आणि ‘लार्ज’ दोन्ही. फरक एवढाच की ‘बिग’ बोलीतला, त्यात भावना असते: ‘बिग डे’, ‘बिग मिस्टेक’. ‘लार्ज’ मोजमापाचा, कोरडा: ‘लार्ज नंबर’, ‘लार्ज अमाउंट’. ‘लार्ज मिस्टेक’ कुणी म्हणत नाही. ‘ग्रेट’ आता बहुतेक थोरवीसाठी उरला आहे, आकारासाठी तो ‘अ ग्रेट बिग डॉग’ अशा जोडीत किंवा प्राण्यापक्ष्यांच्या नावांत सापडतो. माळढोकाचं नाव ‘ग्रेट इंडियन बस्टर्ड’ त्याच्या आकारामुळे आहे. ‘ग्रेटर फ्लेमिंगो’ म्हणजे थोर फ्लेमिंगो नव्हे, ‘लेसर’हून मोठा फ्लेमिंगो.

‘मोठमोठ्या इमारती’चं ‘बिग बिग बिल्डिंग्ज’ करू नये. इंग्रजीत द्विरुक्ती नाही, अनेकवचनातच ते येऊन जातं. फार तर ‘रो अपॉन रो ऑफ टॉल बिल्डिंग्ज’. आणि ‘टू’ला ‘खूप’ समजू नये. ‘द फोर्ट इज टू बिग’ याचा अर्थ किल्ला नको इतका मोठा आहे, जणू तो परत करून लहान मापाचा आणायचा आहे. शर्टाबद्दल बोलत असाल तर ठीक.

‘ह्यूज’, ‘इनॉर्मस’, ‘जायगँटिक’, ‘कलॉसल’ हे शब्द आधीच टोकाला गेलेले आहेत. त्यांत ‘फार’ आत भरलेलं असतं, म्हणून ‘व्हेरी ह्यूज’ म्हणजे ‘फार प्रचंड’. मराठीत आपण ‘अतिप्रचंड’ म्हणून वेळ मारून नेतो, इंग्रजी वाचकाला ते शाळकरी वाटतं. जोर द्यायचाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली ह्यूज’ किंवा ‘ट्रूली इनॉर्मस’. ‘बिग’, ‘टॉल’, ‘हाय’ यांना मात्र ‘व्हेरी’ लागतं, ‘ॲब्सोल्यूटली टॉल’ होत नाही. ‘रियली’ दोन्हीकडे खपतो, शंका आली की तोच वापरावा.

हे टोकाचे शब्द एकमेकांना पर्याय नाहीत. ‘व्हास्ट’ आडवा पसरतो: वाळवंट, समुद्र, माळरान, सत्ता. हत्ती ‘व्हास्ट’ नसतो. ‘मॅसिव्ह’मध्ये वजन आहे: शिळा, दरवाजा, धरणाची भिंत. फुगा कितीही फुगला तरी ‘मॅसिव्ह’ म्हणताना हात थबकावा, जरी आजच्या बोलीत ‘मॅसिव्ह सेल’ पर्यंत मजल गेली आहे. ‘कलॉसल’ मूळ पुतळ्यांचा. ऱ्होड्स बेटावरच्या सूर्यदेवाच्या पुतळ्याला ‘कलॉसस’ म्हणत, आणि कलेतिहासात आजही माणसाच्या मापाहून बराच मोठा पुतळा तो ‘कलॉसल’. ‘मॅमथ’ हत्तीच्या नामशेष भाऊबंदावरून. ‘जंबो’ लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या आफ्रिकन हत्तीच्या नावावरून, जो १८८२मध्ये अमेरिकन सर्कशीत गेला. आणि ‘जगरनॉट’ तर आपल्या जगन्नाथाचा. पुरीचा रथ पाहून गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी तो शब्द नेला, आज इंग्लंडमध्ये रस्ता अडवून चालणाऱ्या अजस्र ट्रकला ‘जगरनॉट’ म्हणतात. त्यात आकाराबरोबर ‘याला थांबवता येत नाही’ हा अर्थ असतो, म्हणून तो उभ्या इमारतीला लावू नये.

पुतळ्यांवर थोडं थांबायला हवं, कारण बातम्यांचं इंग्रजी इथे हमखास घसरतं. ‘पूर्णाकृती पुतळा’ म्हणजे ‘लाइफ-साइझ’ नव्हे. पूर्णाकृती म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत घडवलेला, ‘फुल-लेंग्थ’. तो बारा फुटी असू शकतो. ‘लाइफ-साइझ’ म्हणजे खऱ्या माणसाच्या मापाचा. अर्धपुतळा ‘बस्ट’, अश्वारूढ पुतळा ‘इक्वेस्ट्रियन’. ‘लार्जर दॅन लाइफ’ हे मापासाठी वापरूच नये, ते आता व्यक्तिमत्त्वासाठी राखीव झालं आहे. उंची सांगताना चौथरा धरला आहे का ते लिहावं: नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा पुतळा ‘स्टँड्स १८२ मीटर्स टॉल’, पायथ्याच्या बांधकामासह २४० मीटर. ‘स्टँड्स’ हे क्रियापद अशा वाक्यांना ‘इज’पेक्षा जास्त शोभतं. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर, ज्याच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही मराठी ओळ कोरलेली आहे, तो ५७ फुटी आणि एकाच दगडातला: ‘अ ५७-फूट मोनोलिथ’.

वाचकाच्या डोळ्यांपुढे आकार उभा करायचा तर विशेषणांपेक्षा तुलना बरी. मजला साधारण तीन मीटरचा धरला तर १८२ मीटर म्हणजे ‘ॲज टॉल ॲज अ सिक्स्टी-स्टोरी बिल्डिंग’. पण तुलनेची वस्तू वाचकाच्या ओळखीची हवी. ‘द साइझ ऑफ अ फुटबॉल पिच’ हे इंग्रजीत सारखं येतं. आंतरराष्ट्रीय सामन्याचं १०५ बाय ६८ मीटरचं मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने ७० गुंठे, पावणेदोन एकर. मराठी मजकुरात गुंठे लिहा, इंग्रजीत मैदान. ‘ॲज बिग ॲज अ हाउस’ मात्र माणसाबद्दल वापरलं की तो जाड असल्याची टवाळी होते.

आता आपले शब्द. ‘गगनचुंबी’चं ‘स्काय-किसिंग’ किंवा ‘स्काय-टचिंग’ करू नका. त्याला ‘टॉवरिंग’ किंवा ‘सोअरिंग’. इमारत असेल तर सरळ ‘स्कायस्क्रेपर’. हा शब्द आधी जहाजाच्या सगळ्यात वरच्या शिडाला होता, १८८०च्या दशकात शिकागोच्या इमारतींना चिकटला. १८८५ची दहा मजली, ४२ मीटरची होम इन्शुरन्स बिल्डिंग तेव्हा आभाळाला भिडलेली वाटत होती. आपली इमारत आभाळाचं चुंबन घेते, त्यांची आभाळ खरवडते. रसिकतेत आपण पुढे. ‘स्काय-हाय’ मात्र इमारतीला नाही, भावांना: कांदा ‘स्काय-हाय’ होतो.

‘टोलेजंग’मध्ये उंचीबरोबर रुबाब आहे, म्हणून ‘इंपोझिंग’. ‘धिप्पाड’ माणूस ‘बर्ली’ किंवा, त्यात थोडी भीती असेल तर, ‘हल्किंग’. ‘उंचापुरा’ हा कौतुकाचा शब्द, त्याला ‘स्ट्रॅपिंग’. ‘ताडमाड’ उंच पण काटकुळा, त्याला ‘लँकी’, चिडवायचं असेल तर ‘बीनपोल’, म्हणजे वेलाला आधार म्हणून रोवलेली काठी. ताडाचं झाड इंग्रजीत उंचीसाठी वापरत नाहीत, ‘लाइक अ पाम ट्री’ म्हटलं तर समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येईल. ‘अगडबंब’मध्ये बेढबपणा आहे: ‘अनवील्डी’. ‘ऐसपैस’ घर ‘रूमी’. एखाद्या वस्तूने शेजारचं सगळं लहान करून टाकलं तर त्याला एक सुंदर क्रियापद आहे, ‘ड्वार्फ’: ‘द टॉवर ड्वार्फ्स द टेंपल बिसाइड इट’. शेजारी नुसतं उंच उभं राहिलं तर ‘टॉवर्स ओव्हर’, आणि त्यात धाक असेल, धुक्यातून अंगावर आल्यासारखं वाटत असेल, तर ‘लूम्स’.

‘डोंगराएवढी चूक’ इंग्रजीत ‘माउंटन-साइझ्ड मिस्टेक’ होत नाही. गांधीजींनी आत्मकथेत १९१९च्या सत्याग्रहातल्या आपल्या चुकीला गुजरातीत ‘पहाड जेवडी भूल’ म्हटलं. त्या प्रकरणाचं इंग्रजी करताना त्यांचे सहकारी प्यारेलाल यांनी ‘हिमालयन मिसकॅल्क्युलेशन’ केलं. साधा पहाड इंग्रजीत चुकीला शोभत नव्हता, हिमालय शोभला, आणि भारतीय इंग्रजीत ‘हिमालयन ब्लंडर’ कायमचं रुळलं. आपल्या ‘घोडचुकी’तला घोडा मात्र कुणालाच नेता आला नाही; तिथे ‘कलॉसल ब्लंडर’वर भागवावं.

शेवटी काही फसवे प्रयोग, ज्यांत उंची दिसते पण नसते. ‘टॉल ऑर्डर’ म्हणजे पुरी करायला अवघड मागणी. ‘टॉल स्टोरी’ म्हणजे थाप. इमारतीचा मजला सांगणारा ‘स्टोरी’ ब्रिटिश लेखनात ‘वाय’च्या आधी ‘ई’ घेतो, गोष्टीचा ‘स्टोरी’ घेत नाही. ‘हेड अँड शोल्डर्स अबव्ह’ गुणांत वरचढ. ‘बिग-हेडेड’ गर्विष्ठ. ‘ऑन अ हाय हॉर्स’ तोऱ्यात. आणि ‘हाइट’च्या शेवटी ‘टी’च्या पुढे ‘एच’ नाही. ‘लेंग्थ’, ‘विड्थ’, ‘डेप्थ’च्या नादाने तो लिहिला जातो आणि ‘हाइथ’ असा उच्चारलाही जातो.